जिन्याखालची बॅटरी आता जाणार आहे, रागवू नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते तर बाबांनी मध्येच "ते राहू दे, तिकडे थंडी आहे का" करून विषय बदलला असता आणि आईने चिकूला फोन दे म्हटलं असतं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा, मध्येच फोन लावायचा नाही.

हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियमची बॅटरी ऑर्डर केली आहे. ॲडव्हान्स देऊन झाला, अर्धे दादाने दिले, आता पैसे परत मिळत नाहीत. (मिळतात, पण मी मागणार नाही.)

मागच्या मे महिन्यातलं मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही आठ दिवसांनी. नवतपा, म्हणजे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू, रात्री दोनला लाइट गेलेली, बॅटरी अर्ध्या तासात बसली आणि बाबा टॉर्च तोंडात धरून जिन्याखाली वाकून झाकणं उघडून पाण्याची लेव्हल बघून राहिले होते. आई म्हणते, "पडले नाहीत गं, टेकले." आई, सत्तरी ओलांडलेला बीपीचा माणूस रात्री दोनला ॲसिडच्या बॅटरीवर टेकतो त्याला पडणंच म्हणतात. तेव्हा मी गप्प बसले, दिवाळीत बोलले तर गाडी "पुण्याला या" वर गेली आणि मग जे झालं ते झालं. तो विषय आता माझ्याकडून बंद. तुम्ही नागपूरचं मानेवाडा सोडणार नाही ना, ठीक आहे, मग लाइट गेल्यावर पण तिथे धड राहा एवढंच माझं म्हणणं.

बाबा, आधी माझी चूक कबूल करते. २०२४ मध्ये गच्चीवर तीन किलोवॅट लावलं तेव्हा मी फक्त ७८ हजारांची सबसिडी आणि बिल बघितलं. तुम्ही एकच प्रश्न विचारला होता, "लाइन गेली तर हे चालते का?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, सोलर आहे बाबा, उन्हावर चालतं. मग पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी दीडला लाइट गेली, गच्चीवर पाय ठेववत नाही एवढं ऊन आणि खाली पंखे बंद. तुम्ही फोनवर रागावला पण नाहीत. "बरोबर आहे, नाहीतर लाइनमन मरेल ना," एवढंच म्हणालात आणि मला तेच जास्त लागलं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर आपल्या पॅनेलची वीज उलटी खांबावर जाईल आणि तिथे काम करणाऱ्याला शॉक बसेल. कोराडीच्या वीज केंद्रात आख्खी नोकरी काढलेल्या माणसाच्या घरात हे मला नंतर कळलं, कारण मी त्याला विचारलंच नाही.

(हो, आत्ताही न विचारताच घेतलंय. माहीत आहे.)

हा नवीन हायब्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की आधी घर खांबापासून तोडतो आणि मग पॅनेल अन् बॅटरीवर चालवतो. म्हणजे लाइनमन पण सेफ, तुम्ही पण, आणि दिवसा लाइट गेली तर वरचं ऊन फुकट जात नाही.

तुम्ही म्हणाल, काऊन, नवीन ट्यूब्युलर, म्हणजे आहे तशीच पाण्याची बॅटरी, आणली असती तर काम भागलं असतं. हिशोब केलाय बाबा, तुमच्यासारखाच पाठकोऱ्या कागदावर. १५० एएच (अँपिअर-अवर), १२ व्होल्ट म्हणजे १.८ युनिट. रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की ती लवकर मरते, म्हणजे हातात धड एक युनिट पण नाही. कूलर २०० वॅट, पंखा ७५, तीन तासांत खेळ खल्लास, तेही ती नवी असताना. शिवाय या बॅटऱ्यांना उष्णता सोसत नाही, पंचवीस डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य साधारण अर्धं होत जातं, आणि मे महिन्यात आपल्या जिन्याखाली किती गरम असतं ते मांजरीला विचारा, ती पण तिथे बसत नाही. आता मागवलेली आहे ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे पाच युनिटची. त्यातले चार-सव्वाचार बिनधास्त वापरता येतात. कूलर, एक पंखा, फ्रिज, पॅसेजचा दिवा आणि वायफाय मिळून साडेतीनशे वॅट धरले तरी रात्रीचे दहा-अकरा तास. पाणी टाकायचं नाही. तिला झाकणंच नाहीत, त्यामुळे उघडायचा प्रश्न नाही. दादा जनरेटर म्हणत होता, ते मी हाणून पाडलं. तो धूर, तो आवाज, आणि रात्री पेट्रोल आणायला जाणार कोण, तुम्हीच ना.

आई, तुझ्यासाठी मुद्दाम विचारून घेतलं, यावर पंखा जुन्यासारखा घूंऽऽ करणार नाही. लाइट गेल्याचं कळणार पण नाही, सिरियल सुरूच राहील. आणि लाइट गेली की कूलर बंद करून पंखा बाबांच्या खोलीत लावायचा अन् आपण ओला रुमाल डोक्यावर घेऊन हॉलमध्ये पडायचं, हे आता बंद. मला सगळं कळतं इथे बसून.

लिहिताना ते लोडशेडिंगचे दिवस आठवले. लाइट गेली की गल्लीतल्या सगळ्या काकू आईकडे यायच्या, "तुमच्या ह्यांना विचारा ना केव्हा येते," जसं काही बाबाच खटका पाडून घरी आले. आणि बाबा, तुम्ही शर्टाची बटणं काढत एकदम शांत, "आम्ही वीज बनवतो, वाटत नाही." माझ्या दहावीच्या वर्षी मात्र वीज बनवणारा हा माणूस पाळी करून यायचा आणि गच्चीवर माझ्या उशाशी बसून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घालायचा. मला झोप लागली असं वाटून हात थांबला की मी मुद्दाम कूस बदलायचे. तुम्ही परत सुरू करायचात. हे तुम्हाला माहीत नव्हतं, आज सांगितलं.

बरं, आता ऐका. मंगळवारी फिटिंगवाले येणार. बॅटरी गच्चीवर किंवा जिन्यात लावू द्यायची नाही, त्यांनी कितीही सोपं पडतं म्हटलं तरी. पंचेचाळीस डिग्रीच्या वर ही चार्ज व्हायला कुरकुर करते, आतलं सर्किट चार्जिंगच थांबवतं. देवघराच्या बाजूच्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर सोडून. आई, तिच्यावर क्रोशाचा रुमाल टाकायचा नाही. फ्रिजवर टाकलास, टीव्हीवर टाकलास, मिक्सरवर पण टाकलास, इथे नाही. कुरडयांचा डबा पण ठेवायचा नाही, हवा खेळली पाहिजे. गीझर, इस्त्री आणि बोअर बॅकअपवर नाही. बाबा, बोअरवरून त्यांच्याशी वाद घालू नका, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट आणि सुरू होताना करंट पाच-सहा पट, हे मला तुम्हीच शिकवलंय. पॅनेल धुवायला तुम्ही वर चढायचं नाही, सकाळी येणारा एक पोरगा ठरवलाय. उन्हाने तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं की ती तडकू शकते, म्हणून दुपारी तर त्यालाही चढू देऊ नका. महावितरणच्या नेट मीटरच्या कागदांवर जुना इन्व्हर्टर आहे, ते बदलायचं काम फिटिंगवालेच करतील, तुम्ही हिरवी फाइल काढून ठेवा आणि सही करा. आई, त्यांना चहा दे, स्वयंपाक करू नको. बरं, पोहे कर. बाकी काही नाही.

अर्थिंग मात्र बाबा तुम्ही स्वतः उभं राहून तपासा. वायरची जाडी, एमसीबी, सगळं. त्या पोरांवर माझा तेवढा भरवसा नाही, आणि तुमच्यासमोर ते हयगय करणार नाहीत.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही, आत शिसं अन् ॲसिड असतं, डीलर बदल्यात घेऊन जाणार आहे. तिच्यामागच्या भिंतीवर तुम्ही पाणी टाकल्याच्या तारखा पेन्सिलने लिहून ठेवल्या आहेत ना, एकाखाली एक, मधली एक माझ्या अक्षरात आहे. ती भिंत एवढ्यात रंगवू नका. गुढीपाडव्याला येतेय, तोवर राहू द्या.

तुमची,
मनू

ता. क. आई, हे वाचून बाबा तीनदा "काऊन" म्हणतील. चौथ्यांदा म्हटलं की मला फोन लाव.