कल्पनांना स्वभाव असतो का?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काही कल्पना वाऱ्यासारख्या पसरतात आणि काही रास्त असूनही जागच्या हलत नाहीत, तेव्हा कल्पनांनाही गुण-अवगुण असतात का, असे तू विचारले होतेस. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये ‘मीम’ची, म्हणजे नकलेतून एका मनातून दुसऱ्या मनात पसरणाऱ्या कल्पनेची, संकल्पना मांडताना तिचे तीन गुण सांगितले: दीर्घकाळ टिकणे, भरपूर नकला होणे आणि नकलेत मूळ रूप न बिघडणे. मांडणी देखणी आहे, पण तिसऱ्या गुणापाशी ती मला लंगडी वाटते.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन ती आठवून लिहायला सांगितली, एकाचे लिखाण दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला अशी साखळीही लावली, आणि १९३२ मध्ये हे सारे प्रसिद्ध केले. कथेतली ‘कनू’ ही निमुळती नाव हळूहळू साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि भुतांचा जो भाग कोणाला नीट उमगत नव्हता तो गळूनच पडला. यात लबाडी कोणाचीच नव्हती. जो तो आपल्या ओळखीच्या जगात बसेल अशी कथा नव्याने रचत होता.

म्हणूनच पसरण्याचा गुण एकट्या कल्पनेत शोधू नये, असे मला वाटते. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथर हे भुलीचे औषध देऊन केलेली शस्त्रक्रिया लोकांनी पाहिली आणि डिसेंबरात लंडनचे शल्यविशारद ईथर वापरू लागले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले, त्यांच्या विभागातील बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले, तरीही बहुतेक वैद्यकजगताने ते कित्येक वर्षे मनावर घेतले नाही. ईथरचा परिणाम डोळ्यांदेखत दिसत होता. हात धुण्याच्या बाबतीत मात्र रोगजंतूंचा सिद्धान्त अजून रुजायचा होता, आणि शिवाय आपल्याच हातांनी मृत्यू पोहोचवला हे डॉक्टरांना कबूल करावे लागणार होते. (विद्वत्तेला अहंकाराची जोड मिळाली की आकडेही फिके पडतात.)

यावर तू वृत्तबद्ध रचनांचा दाखला देशील, आणि तो बिनतोड आहे: तिथे एक शब्द चुकला तरी कानाला खटकतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्या फारशा बदलत नाहीत. मी मात्र त्याचे श्रेय कल्पनेला न देता छंदाला देईन. तुझे म्हणणे सविस्तर लिही.

तुझे बाबा