औंढ्याची वाट कोकणातल्या मुलांनाही कळू द्या

महोदय,

आपल्या पुरवणीतले कृष्णविवरांवरचे लेख कापून मी वर्गातल्या फलकावर लावते. मुलं वाचतात आणि विचारतात, 'बाई, हे सगळं अमेरिकेतच होतं का?' हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत, हे त्यांच्या कानावरच आलेलं नसतं.

हर्णैच्या बऱ्याच मुलांचे वडील बोटीवर असतात, म्हणून सापेक्षतावाद मी जीपीएसपासून सांगते. वर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने उपग्रहातलं घड्याळ रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरलेल्या ३८ची दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात दहा किलोमीटरची चूक साठेल. अंधारात बंदर गाठणाऱ्याच्या घरी याचा अर्थ समजावावा लागत नाही.

आइन्स्टाइनच्या त्याच १९१५च्या सिद्धांतातून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, निघाल्या. १४ सप्टेंबर २०१५ला त्या प्रथम टिपल्या गेल्या. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि सुमारे तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींची ऊर्जा होऊन पसरलं. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांपैकी लिव्हिंगस्टनला लहर पोचल्यावर सात मिलिसेकंदांनी ती हॅनफर्डला आली. दिशा अशाच फरकातून काढतात, पण दोनच ठिकाणं असली की आकाशाचा फार मोठा पट्टा उरतो. आणखी एक दूरचं ठिकाण मिळालं की तो पट्टा आकसतो, औंढ्याचं मोल इथे आहे. गोंगाटातून असा संकेत वेचण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी वर्षानुवर्षं काम केलं, हे तर प्रत्येक मराठी मुलाला माहीत हवं.

आणि हे काम फक्त पीएचडीवाल्यांचं नाही. अशा वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत जवळजवळ पूर्ण निर्वात राखायचं, तर सांध्यातून तसूभरही हवा झिरपून चालत नाही. तिथे उत्तम वेल्डर लागतात, पंप आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे लागतात. आमच्याकडची आयटीआयची मुलं वेल्डिंग शिकून आखातात जातात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून विनंती, की औंढ्यात काय काम चाललं आहे, कोणत्या शिक्षणाची माणसं लागणार आहेत, भरती कधी निघते, याची बातमी दर महिन्याला मराठीत द्या, आणि ती रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आवृत्तीतही छापा. कात्रण फलकावर लावायचं काम माझं.

– एक भौतिकशास्त्र शिक्षिका, दापोली (जि. रत्नागिरी)