धूर कोणाच्या खात्यावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेजाऱ्याच्या निर्णयाचा आपल्या दारात काय परिणाम होतो, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघता बघता आपण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग सुरू आहे तेही विचारतो. २०१९ च्या महापुराने ही सवयच लावली. धुराबाबत, म्हणजे कार्बन उत्सर्जनाबाबत, मात्र आपण प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा मांडतो आणि चीन, अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळे होतो.

झारखंडमधला गोड्डा प्रकल्प पाहा. १६०० मेगावॉटचा हा औष्णिक प्रकल्प बांगलादेशाला वीज देण्यासाठी उभारला. परदेशातून आणलेला कोळसा जळतो भारतात, दिवे लागतात बांगलादेशात. इंधन जिथे जळते त्या देशाच्या नावावर उत्सर्जन धरायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे वीज त्यांची, कार्बन आपल्या खात्यावर.

शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते. भट्टीवर धूर फारसा दिसत नाही. तो चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांतून निघतो. त्यामुळे वीज कुठून येते, हा प्रश्न मला रोजचा वाटतो.

शेजारी चांगल्या दिशेनेही ओढतात. भूतानचा १०२० मेगावॉटचा ताला जलविद्युत प्रकल्प भारताच्या मदतीने झाला. पावसाळ्यात तिकडची वीज इकडे येते आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतान आपल्याकडून वीज घेतो. नेपाळने २०१५ मध्ये सीमेवरच्या कोंडीत पेट्रोलसाठी रांगा सोसल्या. आज तिथे आयात होणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक विजेवरच्या आहेत, त्यातल्या बऱ्याच चीनच्या. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळने दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट वीज भारताला विकण्याचा करारही केला.

हिमालयातली धरणे निर्धोक आहेत असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटले आणि तिस्ता नदीवरचे धरण वाहून गेले. महापूर पाहिलेल्या माणसाला ते विसरता येत नाही. म्हणून जुन्या प्रकल्पांची जादा वीज आधी पुरती वापरावी, असे मला वाटते.

२०२४ च्या नोव्हेंबरात नेपाळची जलविद्युत आपल्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशाला गेली, ४० मेगावॉट. त्याच बांगलादेशासाठी आपण कोळशाचे १६०० मेगावॉट उभे केले आहेत. हे चाळीस कधी आणि कसे वाढणार, हा प्रश्न आपल्या खासदारांनी संसदेत विचारावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक फाउंड्री व्यावसायिक, शिरोली, कोल्हापूर