जामीनदार कुठून आणायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'गरिबी आणि गुन्हेगारी' हा लेख वाचला. लेखकानं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनची १९३८ ची थिअरी सोपी करून सांगितलीये, म्हणजे गाडी बंगला पैसा ही स्वप्नं समाज सगळ्यांना सारखीच दाखवतो पण तिथं पोचायची वाट सगळ्यांना देत नाही, मग काहीजण आडवाटेला लागतात. पटतं. पण मी गेली बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टासमोर टायपिंगचं टेबल टाकून बसतोय आणि मला तिथनं जे दिसतं ते लेखात कुठंच नव्हतं म्हणून हे पत्र.

पहिलं म्हणजे, गरीब माणूस गुन्हा करतो हे आपण कशावरनं म्हणतो? तुरुंगात कोण आहे ते बघून ना? मग २०२२ चा सरकारी आकडाच बघा की, देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे अजून खटलाच संपलेला नाही. आता यातला कोण गुन्हेगार आणि कोण नुसता जामिनावाचून अडकलेला हे कसं ठरवणार?

दोन वर्षांमागं एक पारधी म्हातारी आली होती. नातवाला पाण्याच्या मोटरीच्या चोरीत उचललेला. जामीन मंजूर झाला होता, पंधरा हजाराचा, पण जामीनदार पाहिजे आणि त्याच्या नावावर सातबारा पाहिजे. लुगड्याची गाठ सोडून तिनं माझ्या टेबलावर चुरगळलेल्या नोटा ठेवल्या आणि विचारलं, "दादा, सातबारा भाड्यानं मिळतो का रं?" हसू नका, मिळतो, पण तिच्याजवळ तेवढे नव्हते. पोरगं चार महिने आत राहिलं. आणि १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं, न्या. कृष्णा अय्यर होते, हेच सुनावलं होतं. त्याच्याकडं दहा हजाराचा जामीन मागितलेला आणि भाऊ जामीन राहतो म्हणाला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून चालेना! शेवटी हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडायला लावलं.

त्याच आठवड्यात एका पतसंस्थेच्या संचालकाचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज पण मीच टाइप केला. ठेवीदारांचे पैसे बुडालेले, त्यात माझ्या मेव्हणीचे पण होते, पण धंदा आहे, टाइप केला. गडी एक रात्र सुद्धा आत बसला नाही. पांढरपेशी गुन्हेगारी, म्हणजे प्रतिष्ठित माणसांनी आपल्या कामधंद्यात केलेले गुन्हे, हा शब्द सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये आणला, मर्टनच्या पाठोपाठ वर्षभरात, त्याचं म्हणणंच हे होतं की गरिबीतच गुन्हा शोधाल तर कोटवाले सुटतील. लेखात त्याचं नाव पण नाही, आश्चर्य वाटलं.

पारध्यांचं तर आणखी वेगळं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला की अमुक जमाती जन्मानंच गुन्हेगार, त्यात पुढं पारधी पण घातले, मग पोलिसांकडं हजेरी, सेटलमेंट म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, तारेचं कुंपण, आमच्या सोलापुरातलं सेटलमेंट तर सगळ्यांना माहितीये. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण नंतर सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि अजून कुठं घरफोडी झाली की रात्री गाडी पहिली पालावरच जाते. शिक्का आधी मारायचा आणि मग म्हणायचं बघा यांच्यातच केसेस जास्त, हे कसलं गणित? उलट त्या पालावरची बहुतेक माणसं मजुरी करतात, नाहीतर ऊसतोडीला जातात, गरिबी तर तिथं घरटी आहे, मग सगळेच का नाही चोरी करत? याचं उत्तर मर्टनकडनं मला नाही मिळालं, कुणाला मिळालं असेल तर कळवावं.

आणि एक, तुमच्याच पेपरबद्दल, राग मानू नका. त्या मोटरीची बातमी तुम्ही 'पारधी टोळी जेरबंद' अशी चार कॉलमी दिली होती, टोळी म्हणजे ते दोघं, एक नातू आणि एक त्याचा मित्र. पतसंस्थेची आतल्या पानावर होती, 'कारभारात अनियमितता'. संचालकाची जात कुठंच छापली नव्हती आणि ते बरोबरच होतं, फक्त तेवढंच त्या दोघांच्या बाबतीत पण करा.

आपला,
एक टायपिंगवाला, सोलापूर जिल्हा