पालकमंत्र्यांना खुले पत्र: सात ते अकराच्या गर्दीत आमचा माणूस गेला

22 मे 2021

माननीय पालकमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवतो. काल सकाळी साडेदहाला कोरोनाचे नियम तपासणारं पथक आलं. एका आजोबांचा मास्क हनुवटीवर होता, म्हणून मला हजार रुपयांची पावती फाडली. काल आमच्या दुकानात कामाला असलेल्या, कोरोनाने गेलेल्या माणसाचा दहावा होता. दुकानातली दोन्ही पोरं तिकडे गेलेली, काउंटरवर मी एकटा. हे सांगत होतो, ते कुणी ऐकून घेतलं नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय.

एप्रिलच्या बैठकीत तुम्ही आम्हा व्यापाऱ्यांना शब्द दिला होता की दुकानदार आणि नोकरांसाठी लसीकरणाचं वेगळं शिबिर आठ दिवसांत लागेल. आठ दिवस होऊन महिना लोटला. त्याच सुमारास निघालेल्या शासनाच्या आदेशातही लिहिलं होतं की अत्यावश्यक दुकानांतल्या लोकांनी लवकरात लवकर लस घ्यावी. आणि लस तेव्हा फक्त पंचेचाळीसच्या पुढच्यांना! आमचा माणूस अडतीस वर्षांचा होता. त्याने कुठून घ्यायची होती? 1 मेपासून अठराच्या पुढच्यांना उघडली, तोवर तो तापाने पडला होता. 12 मेला गेला. त्याच दिवसापासून राज्यात 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण थांबलं.

एकोणीस वर्षं तो माझ्याकडे होता. कुठल्या घरात कुठला चहा लागतो, कुणाला तांदूळ जुना हवा, उधारीच्या वहीत न लिहिलेलं कुणाचं किती येणं आहे, सगळं त्याच्या डोक्यात. पोती उचलणारा धडधाकट माणूस ऑक्सिजनच्या बेडसाठी दीड दिवस रिक्षातून फिरला.

आता हिशेब बघा, साहेब. आधी माझं दुकान सकाळी सात ते रात्री नऊ उघडं असायचं. दिवसाला अडीचशे गिऱ्हाइकं, चौदा तासांत, म्हणजे तासाला अठरा. एप्रिलच्या विसाव्या तारखेपासून वेळ सात ते अकरा झाली. तीच अडीचशे माणसं चार तासांत आली की तासाला बासष्ट होतात, मिनिटाला एक. दुकान दहा बाय बारा फुटांचं. पावणेसातला ओट्यासमोर चाळीस माणसं उभी असतात. गेल्या वर्षी मारलेले चुन्याचे चौकोन कधीच पुसले गेलेत, आणि परत मारले तरी एवढी माणसं उभी करायला रस्ता कुठे आहे? गर्दी कमी करायला वेळ कमी केली म्हणता. भूक तर तेवढीच राहिली ना!

घरपोच द्या म्हणता. पोरं दोन, मोटारसायकल एक. आणि ज्याला पावशेर तेल आणि दहाची साखर लागते, तो फोनवर यादी पाठवत नाही, पैसे हातात घेऊन दारात येतो.

सगळ्यात घातक काय, ते मी सांगतो, कारण ते कागदावर येत नाही. अकरा वाजत आले की पथकाच्या भीतीने सगळी पेठ शटर अर्धं ओढते. राहिलेली पाच-सहा माणसं आत, शटर खाली, पंखा डोक्यावर, वारा कुठूनच नाही. परवाच, 20 मेला, केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितलं की विषाणूचे सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा. आमचं अख्खं दुकान दहा मीटर नाही. काउंटरला मी प्लॅस्टिकचा पडदा लावला, तुमच्याच आदेशाप्रमाणे, पदरच्या पैशाने. पडद्यातून आवाज नीट येत नाही म्हणून माणसं मास्क खाली करून बोलतात. पावती त्याचीच फाडली.

दंड माझ्यावर, कारण मी सापडतो. एप्रिलमध्येच पंढरपूरच्या पोटनिवडणुकीत सभा झाल्या, तिथे किती जणांना पावत्या फाडल्या? आरोग्य कर्मचाऱ्यांना पन्नास लाखांचं विमाकवच आहे, ते मिळालंच पाहिजे. पण आम्हाला अत्यावश्यक म्हणता ते फक्त दुकान उघडायला का? मेल्यावर आम्ही कोण? आमच्या पेठेतले सात-आठ जण तरी या लाटेत गेले, दुकानदार आणि नोकर मिळून. मी बोटांवर मोजलेत. सरकारने मोजले असतील तर आकडा दाखवा. जीएसटीची एक तारीख चुकली तर तुमच्याकडे लगेच नोंद होते.

वेळ संध्याकाळपर्यंत वाढवा, म्हणजे माणसं विखुरतील. शटर पूर्ण उघडं ठेवू द्या. पथकाने पावतीपुस्तकाबरोबर मास्कचा गठ्ठा आणावा.

आणि शिबिराची तारीख कळवा. दुकानात अजून दोन पोरं आहेत. एक बावीसचा, एक एकतीसचा. सोमवारी सातला दोघंही काउंटरवर असतील.

आपला,
एक किराणा दुकानदार