हॉटेलमालक जबाबदार, मग संकेतस्थळाचा मालक?

संपादक महोदय,

गोवा बाल कायद्याने 2003 सालीच हॉटेलातील मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक आणि व्यवस्थापकावर टाकली. डेटिंग संकेतस्थळाला मात्र असा दरवानच नाही. जन्मसाल आपणच लिहायचे, ‘मी सज्ञान आहे’वर बोट टेकवायचे, की प्रवेश!

आमच्या वाड्यावरच्या दहावीतल्या मुलीने हेच केले. तिच्याशी बोलणारा ‘कॉलेजकुमार’ चाळिशीचा निघाला. तक्रारीवर छापील उत्तर आले : वय खोटे सांगितल्याने खाते बंद केले आहे. म्हणजे दोष पोरीचाच!

पोक्सो कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 वापरकर्त्यांच्या मजकुराबाबत संकेतस्थळांना संरक्षण देते, पण योग्य ती दक्षता घेतली तरच. नुसत्या जन्मसालाच्या रकान्याला दक्षता म्हणायचे का? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बालकांची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी, नाहीतर 200 कोटींपर्यंत दंड. पण आपण सज्ञान असल्याचे मुलानेच सांगितले, तर पालकांना विचारणार कोण? हा कायदा केंद्राचा आहे, म्हणून आपल्या खासदारांनी हा मुद्दा संसदेत मांडावा.

— एक पालक, डिचोली