जुन्या जीपला फ्युएल इंजेक्शन बसवायला रीतसर वाट द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मॉडिफाइड गाड्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, समोरच्याचे डोळे दिपवणारे एलईडी बार, मडगार्डच्या बाहेर आलेले टायर, हे बंद व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्याच यादीत एक असं काम पण ढकललं जातंय जे खरंतर सरकारने स्वतःहून पुढे न्यायला हवं होतं, ते म्हणजे जुन्या पेट्रोल जीपचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवणं. पत्र लांबलंय, काटछाट करा, पण मधला होज (पेट्रोलची रबरी नळी) आणि पंपाचा भाग तेवढा कापू नका ही विनंती, तो जिवाशी संबंधित आहे.

मी कोल्हापूरकडचा. जुन्या फोर बाय फोर गाड्या सांभाळणारे आम्ही काही मित्र आहोत, पावसाळा लागला की घाटाखालच्या चिखलवाटांवर निघतो. या गाड्यांमधे मूळ इंजिन राहिलेली गाडी शोधावी लागते. विलीज धाटणीच्या जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन दणकट होतं पण त्याचे पार्ट कधीच दुर्मिळ झाले, मग कुणी डिझेल टाकलं, कुणी कॉन्टेसा कारमधलं १.८ लिटरचं इसुझू पेट्रोल इंजिन टाकलं, माझ्या जीपमधे आधीच्या मालकाने हेच बसवलेलं आणि आरसीवर त्याची नोंद आहे. मारुती जिप्सीवाल्यांची गोष्ट वेगळी नाही. १९८५ साली आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ ला १.३ लिटर झालं ते पण कार्बोरेटरवालंच, आणि २००० च्या सुमारास त्याच १.३ ला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं फ्युएल इंजेक्शन) मिळालं तेव्हा ताकद ६० वरून ८० हॉर्सपॉवरवर गेली. मग जुन्या जिप्सीत मारुती एस्टीम कारचं इंजिन टाकायची लाट आली ती आजपर्यंत ओसरलेली नाही. म्हणजे बदली इंजिन हा काही पोरांचा टाइमपास नाही, गाडी चालू ठेवायची तर बऱ्याच जणांपुढे दुसरा इलाजच नव्हता.

आता कार्बोरेटरमधे नेमकं दुखणं काय ते सांगतो. कार्बोरेटरला पोटात एक छोटी वाटी असते, त्यात पेट्रोलची पातळी फ्लोटने ठरते, आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, किती पेट्रोल जाणार ते या पातळीवर अवलंबून. सपाट रस्त्यावर सगळं छान. पण खड्या चढाला जीप लावली किंवा एका कुशीवर कलली की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, मग एकतर इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतं नाहीतर पेट्रोलच मिळत नाही म्हणून दम तोडतं, आणि ते होतं नेमकं चढाच्या मधोमध. इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एकदोनदा पेडल दाबेपर्यंतच पुरतो, त्यानंतर ब्रेक दगडासारखा कडक, मागे उतार, बाजूला दरी, अशा वेळी ब्रेकवर उभं राहून रिव्हर्स टाकायचा, सेल मारायचा आणि गिअरमधेच खाली यायचं, हे ज्याला शिकवलेलं नाही त्याने काय करायचं? इंजेक्शनला ही वाटीच नाही. पेट्रोल प्रेशरने येतं, इंजेक्टर मोजून सोडतो, गाडी उभी आडवी कशी पण असली तरी इंजिन चालू राहतं. डोंगरात ही चैन नाही, ही सेफ्टी आहे.

लडाखला जुनी जिप्सी घेऊन गेलेल्यांना विचारा. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, कार्बोरेटरला ते कळत नाही, तो खालच्या हिशोबाने पेट्रोल ओततच राहतो, गाडी काळा धूर सोडते आणि चढत नाही, मग जेट बदलत बसा. इंजेक्शनमधे मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) मॅप सेन्सर असतो, तो हवेचा दाब मोजतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर (यालाच ईसीयू पण म्हणतात), पेट्रोल आपोआप कमी करतो.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठं कारण आज पंपावर आहे, ते म्हणजे ई-२० पेट्रोल. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल सगळीकडे मिळतं. साध्या पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉल स्वतः ऑक्सिजन घेऊन येतं त्यामुळे ई-२० ला साधारण साडेतेराच पुरतात, म्हणजे त्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेचं एक भोक, ते काय समजून मोठं होणार आहे का? मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, गाडी एक्सिलेटर दिला की अडखळते, गरम होते. वरून जुने रबरी पाइप, डायफ्रॅम, गॅस्केट इथेनॉलने फुगतात आणि चिरतात. इंजेक्शनमधे एक्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सर असतो, जळून बाहेर आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते बघून ईसीएम पुढचं माप दुरुस्त करतो, पेट्रोलमधे इथेनॉल १० टक्के असो की २०. सरकारने इंधन बदललं ते ठीक आहे, पण मग त्या इंधनाशी जमवून घेणारी यंत्रणा बसवायला जुन्या गाडीवाल्याला बंदी का असावी, हा माझा प्रश्न आहे.

धुराचं पण तेच. पीयूसीला बीएस-टूच्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष) आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, बीएस-टू आणि बीएस-थ्रीला अर्धा टक्का. सहापट फरक. इंजेक्शन नीट ट्यून केलं आणि सोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सर पाइपमधे धूर स्वच्छ करणारा डबा) लावला तर जुनं इंजिन त्या अर्ध्या टक्क्याच्या दिशेने आणता येतं, कार्बोरेटरवर कन्व्हर्टर नीट कामच करत नाही कारण त्याला मिश्रण सतत अचूक लागतं. शिवाय कार्बोरेटर उघडून बसणारे जुने फिटर आता राहिलेत किती, १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आल्यावर नव्या दुचाकीतून पण तो गेला, नवीन पोरं ते शिकतच नाहीत.

आता काम कसं चालतं ते. बाहेरच्या देशातली तयार थ्रॉटल बॉडी किट मिळतात, कार्बोरेटरच्या जागी बसवा, सेन्सर जोडा, गाडी चालवता चालवता स्वतः शिकतं असा दावा असतो. त्यातली बरीचशी अमेरिकन मोठ्या व्ही-एट इंजिनांसाठी बनवलेली आहेत, आपल्या १.८ किंवा १.३ लिटरच्या चार सिलिंडरला त्यांचे इंजेक्टर फार मोठे पडतात, स्लोवर इतकं थोडं पेट्रोल त्यांना मोजून देता येत नाही, मग गाडी स्लोला हुकते. म्हणून आपल्याकडे शहाणी माणसं दुसरा रस्ता धरतात. एकतर त्याच घराण्याच्या इंजिनाचा कंपनीचा एमपीएफआय मॅनिफोल्ड, वायरिंग, ईसीएम सगळा सेट घ्यायचा (इसुझू १.८ पुढे अॅम्बेसेडरमधे एमपीएफआय होऊन आलंच होतं), नाहीतर मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर ते घेऊन मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा वेगळा ईसीयू लावायचा आणि लॅपटॉपवर मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता, बनवायचा. दुसऱ्या पद्धतीला वेळ लागतो, गार इंजिनला किती, गरमला किती, एक्सिलेटर एकदम दाबला तर किती, सगळं भरावं लागतं, आणि त्यासाठी मिश्रणाचं नेमकं माप सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर पाहिजेच, साधा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल फक्त जास्त की कमी एवढंच सांगतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सर पाइप कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे आणि तो पेट्रोल वाढवत सुटतो, याच्यापायी लोकांनी चांगली किट बदनाम केलीत.

आणि आता ज्यासाठी पेन उचलला ते. कार्बोरेटरच्या जीपमधे पेट्रोलचं प्रेशर असतं साधारण ०.३ बार. एमपीएफआयला लागतं ३ बार, म्हणजे दहापट. भंगार बाजारातून पंप आणला आणि जुन्याच रबरी होजवर, जुन्याच दातेरी क्लिपांवर चालू केला तर तो होज एक दिवस फुटणार, आणि फुटेल तेव्हा पेट्रोल ठिबकणार नाही, फवारा उडेल, समोर तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या विलीजमधे तर टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. त्यासाठी इंजेक्शनचाच होज घ्यावा, त्याच्यावर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं असतं, आणि क्लिप गुळगुळीत पट्टीची, होजला न कापणारी. परतीची लाइन टाकीपर्यंत नेलीच पाहिजे. चढाला टाकीतलं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या हव्यात नाहीतर मधे लिटर दीड लिटरची छोटी सर्ज टाकी, जी पंपापाशी कायम भरलेली राहते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंपाची वायर. पंप थेट इग्निशनच्या चावीवर जोडलेल्या गाड्या मी बघितल्यात. गाडी उलटली, इंजिन बंद पडलं, ड्रायव्हर बेल्टला लटकतोय, चावी चालूच, आणि पंप ३ बारने पेट्रोल फेकतोच आहे. पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ईसीयूकडूनच चालला पाहिजे, इंजिन फिरतंय हा सिग्नल थांबला की एकदोन सेकंदात पंप बंद, आणि वर एक इनर्शिया स्विच, धक्का बसला की सर्किट तोडणारा. हे सगळे साधे भाग आहेत, महागडं काहीच नाही, फक्त तपासणारं कुणी नाही.

तपासणारं का नाही, तर काम चोरून होतं म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे केरळच्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता गंमत नाही पण अडचण अशी की आरसी बुकात कार्बोरेटर की इंजेक्शन असा रकानाच नसतो. मग एक अधिकारी म्हणतो चालतं, दुसरा म्हणतो गुन्हा, आणि मालक घाबरून बॉनेट उघडायलाच तयार नसतो. व्हिंटेजची २०२१ ची योजना आहे, पण ती ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना, बदली इंजिनवाल्यांना तिथं जागा नाही. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला गाडी न्यावीच लागते, त्या दिवसापुरता जुना कार्बोरेटर परत बसवून नेणारी माणसं आहेत. यात कुणाचं भलं झालं?

उलट त्याच कलमात वाट पण ठेवलेली आहे. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला परवानगी आहे, म्हणूनच सीएनजी किट आरसीवर चढतं आणि इलेक्ट्रिक रेट्रोफिटला पण नियम झालेत. शिवाय विशिष्ट कारणासाठी इतर बदलांना सूट द्यायचा अधिकार केंद्र सरकारला त्यातच दिलेला आहे. दोनशे बारचा सीएनजी सिलिंडर डिकीत बसवायला चालतो, तपासणी करून, प्लेट लावून, आणि ३ बारची पेट्रोल लाइन तपासायला आपल्याकडे पद्धत नाही हे पटत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय आहे, जगभरच्या गाड्या तपासते, तिला हे जड नाही.

मागणी मोठी नाही. पेट्रोल ते पेट्रोलच, इंधन बदलत नाही, सीसी बदलत नाही, फक्त कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन, एवढ्यापुरती सूट काढा. होज, क्लिप, रिले, इनर्शिया स्विच, वायरिंगचे फ्यूज आणि ईसीयू पाण्याच्या पातळीच्या वर आहे की नाही, याची एक पानी तपासणी यादी करा. बसवल्यावर पीयूसीला बीएस-टूची मर्यादा लावा, आम्ही ती पाळू. आरसीवर एक ओळ चढवा. आणि ज्यांच्या गाडीत हे आधीच बसवलेलं आहे त्यांना दंड न करता तपासणीला यायला काही महिन्यांची मुदत द्या, सगळ्यात धोक्याच्या गाड्या त्यातच आहेत.

आपल्या पेपरने हे परिवहन खात्यापुढे मांडावं ही कळकळीची विनंती. अशी तपासणी सुरू झाली तर पहिल्या दिवशी माझी जीप मी स्वतः घेऊन येतो, बॉनेट उघडून आणि सीट काढून टाकीसकट दाखवतो.

आपला नम्र,
एक जीपवाला वाचक, कोल्हापूर